प्रॉम्प्टरचा खड्डा

नाट्यगृह म्हणाल तर येरंडटोल्याला कधी नव्हतंच.
बोडीच्या पाळीखालची एक बांधी होती.
धान निघालं की फागू कोहळे तिच्यावर टाच आपटून बघायचा,
"हो, आता नाटक झेलते," म्हणायचा,
आणि आम्ही कुदळी घेऊन उतरायचो.

आधी माझा खड्डा.
कमरेइतका खोल, तोंडाशी फळी, बुडाशी तणीस,
कंदील, वही. बिडीला मनाई.
निघालेली माती मंचावर पडायची,
म्हणजे मी जितका खाली, तितके ते वर.

बेचाळीस हंगाम मी गावचं नाटक पाहिलं
गुडघ्याखालचं.

म्हणून माझ्याजवळचा इतिहास पायांचा आहे.
राणी झालेल्या सुकरू मडावीच्या टाचा:
भेगांत रोवणीचा चिखल अजून बसलेला,
वर लुगड्याचा काठ, उसने वाळे.
रडायच्या जागी तो अंगठा मातीत रुतवायचा.
लोकांना आसवं दिसायची, मला अंगठा.
आसवं कधीमधी खोटी असत.

मग गॅसबत्त्या गेल्या, ट्यूबा आल्या,
आणि एका माघात वडशाच्या कंपनीबरोबर
पहिली बाई आली, कुमुद नागदिवे.
चौदा गावच्या बंड्या सुटल्या होत्या बोडीवर.
माझ्या वाट्याला तिच्या करंगळीची चिंधी आली,
चप्पल चावलेली.
एंट्रीला फळीवर पाय ठेवून ओठ न हलवता म्हणाली,
"भाऊ, मले पाठ आहे. तू फक्त जागा राहजो."

सुकरू त्या रात्री जमिनीच्या तिकिटावर बसला होता.
दुसऱ्या दिवशी त्यानं पडद्याचा दोर हातात घेतला.
कोणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मी कोणाला बोललो नाही.
तिसऱ्या अंकात भाऊ बारा वर्षांनी घरी येतो,
बहीण दारात उभी,
आणि मी पान उलटलं तर पुढचं पान नव्हतंच.
उंदरानं नेलं असेल, दवानं.
वर भावाचे दोन पाय थिजले.
माझ्या तोंडून निघून गेलं,
"बाई, पाटाचं पानी अजून आपल्या बांधीतून जाते काय?"
त्यानं ते उचललं.
कुमुदबाईनं बराच वेळ काही केलं नाही.
चिंधीची करंगळी तेवढी हलली.
मग म्हणाली,
"जाते ना, दादा. पन दिसत नाई आता. खालून जाते."

मागं कोणीतरी नाक शिंकरलं. मग खूप जणांनी.

ते दोन वाक्य आता छापील वहीत आहेत.
कोणी लिहिले, कंपनीवाल्यांना माहीत नाही.

पुढं निधी आला. सभागृह झालं,
पत्र्याचं छत, "रंगमंच" पिवळ्या अक्षरात.
उद्घाटनाला भाषणंच इतकी घुमली
की नाटकाचा एक शब्द कळला नाही.
सिमेंटात खड्डाही खणता येईना.
आता तिथं धानाची पोती असतात, थप्प्या छतापर्यंत,
आणि उंदीर.

यंदा पोरं परत बांधीत आली.
माझे गुडघे उतरत नाहीत,
खड्ड्यात सुकरूची नात बसली, मोबाइलच्या उजेडात.
मला पुढची खुर्ची दिली. हार दिला, तो टोचत होता.
पहिल्यांदा चेहरे पाहिले.
चेहरे फार बोलतात.
भाऊ झालेल्या पोराच्या पायात तर बूट.

तिसरा अंक आला. बहीण दारात.
माझे ओठ त्याच्या आधी हलले,
शेजारच्यानं माझ्याकडं वळून पाहिलं.
मी फळीकडं बघत होतो,
उजेड होता, पोरगी जागी होती.

आषाढात ती जागा बुजेल.
दर साली तिथंच परे जरा जास्त हिरवे येतात.
फागू म्हणायचा, माती हलवली की येतेच.
मी काही बोलत नसे.